काळ्या खळग्यातली आग

वामन,

तुझ्या तेराव्याला मी लोकांना हसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जरा सोपं जाईल.

मांडवात सगळे गप्प बसले होते. एडवणची माणसं एवढी गप्प मी जन्मात पाहिली नव्हती. समुद्रसुद्धा दोन वाव मागे सरकून बसला होता. तुझा मेव्हणा आला आणि दंडाला धरून मला उभं केलं. "बंडूदादा, तुमी बोला. शाळेपासूनचा दोस्त तुमचा." मला कुणी बोल म्हटलं की माझं काय होतं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती बिडीची गोष्ट.

तीच. लाल मोटारसायकल, बोईसरकडून आलेले दोन अनोळखी इसम, त्यातल्या एकाच्या तोंडात उसाच्या कांड्याएवढी बिडी, ती त्याने खळग्यात टाकली आणि पावसाळ्यापर्यंत जमीन आतून जळत राहिली. या खेपेला मोटारसायकलवर मी चार जण बसवले. लोक हसले, डोळे पुसत हसले. एक तुझी कुसुम हसली नाही. ती ओट्याशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. दुसरा रावजी. तो खळग्याकाठच्या पाड्यावरून तीन गाड्या बदलून आला होता, शेवटच्या रांगेत मांडी घालून बसला होता.

जेवणं झाल्यावर मागच्या दारी हात धुताना रावजीने मला गाठलं.

"बंडूदादा, आमचे पाड्याचे कमिटीत चर उगडायचा चाललाय."

"कुठला चर?"

"किती चर मारलेत तुमी?" त्याने हातावरचं पाणी झटकलं. "पोरांना खळग्यात मिरची लावायची हाय. मी बोल्लो, वामनदादानी बंद केलेला हाय, त्याला हात नाय लावायचा. तं पोरा बोलतात, आग बिडीनी लागलेली, चराचा काय संबंद? सायबाच्या कागदात हाय. बंडूदादानीच सांगलेला. आजपन सांगला."

मी हसायला गेलो. मग धुतलेले हात परत धुतले.

तर वामन, आता थकून बसलोय आणि तुला लिहितोय. थापा मारायला अंगात जोर लागतो हे मला या पंधरा दिवसांत कळलं. तू होतास तोवर जोर होता, कारण प्रत्येक थापेला तुझा एक बारीक प्रश्न असायचा. आपण पहिल्यांदा त्या काळ्या खळग्यावर गेलो तेव्हा माझी चप्पल चिखलात गेली. मी गावभर सांगितलं की ती पुढच्या वर्षी दातिवऱ्याच्या खाडीत कोळ्यांच्या जाळ्यात सापडली. तू शांतपणे विचारलंस, "डावी की उजवी?" बस. तेवढ्यावर माझी गोष्ट आडवी. पण मजा अशी, की तू विचारलंस म्हणजे तू ऐकलंस. आता डावी की उजवी विचारायला कोणी नाही, आणि माझ्या चपला आपल्या मुकाट जिथल्या तिथे आहेत.

तो खळगा तुझा जीव होता. तू जंगल खात्यात गार्ड, मी बोईसरच्या कंपनीत फिटर. सुट्टीच्या दिवशी लोक पालघरला बाजाराला जायचे आणि तू मला डोंगरातला चिखल दाखवायला न्यायचास. चार वाड्या मावतील एवढी जागा, वर उंबर आणि पाणजांभळी, खाली बारमाही पाणी. माती काळी, हातात घेतली तर ओल्या तंबाखूसारखी, पिळली तर पाणी गळायचं. एकदा तू कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आलास आणि त्या मातीचं नावच घेऊन आलास. पीट. दूरच्या बेटांवर, आपल्यासारख्याच पावसाच्या मुलखात, मैलोन् मैल जंगलं या मातीवर उभी आहेत, असं तुला तिथे सांगितलं होतं. लोकांनी तिथे चर मारून पाणी काढलं आणि मग ती माती महिनोन् महिने जळत राहिली.

"आपली कमरेएवढीच खोल हाय," तू म्हणालास, "पण जात तीच. पानं पडतात, पाण्याखाली कुजत नाय पुरती, साठत जातात. पाणी हाय तोवर माती. पाणी काढलं की सरपण."

"मातीला आग लागते होय रे? मग आमच्या भट्टीत कोळशाऐवजी तुझा खळगाच घालतो!"

"कोळसा काय वेगळा असतो?" तू म्हणालास. मी ते ऐकलं नाही. ऐकत असतो तर थापाड्या कशाला झालो असतो.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी ते कधी सरळ सांगितलेलं नाही. तेव्हा आता सांगतो, एकही मीटर न वाढवता.

तुझी आई पालघरला दवाखान्यात होती म्हणून तू पंधरा दिवस रजेवर होतास. दिवाळी होऊन गेली होती. रावजीची भाताची रोपवाडी खळग्याच्या काठाला, त्याच्या मालकीची, पण दरवर्षी तिथे पाणी तुंबायचं आणि रोपं कुजायची. त्याने माझ्याकडे सहज रडगाणं गायलं. मी फिटर माणूस. पाणी तुंबलंय म्हटल्यावर माझ्या हाताला खाज सुटते. कंपनीतून पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरून लेव्हल काढली, दोऱ्या ताणल्या, चुन्याने रेघ मारली. आठ माणसं, तीन दिवस. खळग्याच्या खालच्या ओठापासून ओहोळापर्यंत असा सरळ चर मी मारून घेतला, की बघत राहावं. कुदळीचा शेवटचा घाव मी स्वतः घातला. पाणी सुटलं तेव्हा पाड्यातली माणसं ओरडली, रावजीने कोंबडं कापलं आणि मी त्या दिवशी जेवढा खूष होतो तेवढा माझ्या लग्नातही नव्हतो. ही थाप नाही.

तू परत आलास, काठावर उभा राहिलास.

"बुजव," म्हणालास.

"अरे लोकांनी मेहनत केलीय."

"बंड्या, बुजव."

"लावणीपर्यंत राहू दे. रावजीची रोपं तरी एकदा नीट येऊ देत. एका हंगामाने काय होतंय?"

रावजी बाजूलाच उभा होता. तू त्याच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "बरं. लावणीपर्यंत," म्हणालास. आयुष्यात एकदाच तू माझं ऐकलंस रे वामन. एकदाच. तेवढ्यासाठी तरी ऐकायचं नव्हतंस.

एप्रिलात राब भाजायचे दिवस आले. रोपवाडीवर शेण, पाला, फांद्या, गवत असे थर लावून जाळायचे, त्या राखेत भाताचं बी टाकायचं. पाड्यावर पिढ्यान् पिढ्या हेच. तू समोर उभा राहून भाजून घेतलास. चारी बाजूंनी चार हात जागा झाडून काढली, पहाटेचा वारा पडलेला असताना पेटवला, जाळ वाऱ्याच्या उलट सरकत येईल असा. बायका हिरवे डहाळे घेऊन उभ्या. ठिणगी इकडची तिकडे झाली नाही. राख विझली, पाणी मारलं, सगळे घरी गेले. वर कुठेही चूक नव्हती. आग खाली गेली होती, वाळलेल्या काळ्या मातीत, आणि आपण सगळे वर बघत होतो.

आठव्या दिवशी राबापासून तीसेक पावलांवर जमिनीतून धूर यायला लागला. बारीक, दुधाच्या वाफेसारखा. वास ओलं गोणपाट जाळल्यासारखा. दहाव्या दिवशी एक उंबर पडला. वारा नाही, जाळ नाही, पानं हिरवीगार, नुसता आडवा झाला. खालून मुळंच जळून गेली होती. मी कंपनीत जाऊन सांगितलं की पालघर तालुक्यात ज्वालामुखी निघालाय आणि मी त्यावर चहा करून प्यायलो.

तू लोखंडी पहार घेऊन खळगाभर फिरायचास. दर दोन पावलांवर पहार खुपसायची, थोडा वेळ ठेवायची, काढायची आणि टोक हाताच्या पाठीला लावून बघायचं. गरम लागलं की तिथे काठी रोवायची. संध्याकाळपर्यंत अर्धा खळगा काठ्यांनी भरला. टँकर आला. वाळलेल्या त्या मातीने पाणी प्यायचंच नाकारलं. तव्यावर थेंब पळावेत तसं ते वरून पळून गेलं. मी म्हटलं फोम मारूया, आमच्याकडे ड्रम आहेत. तू म्हणालास, "फोम ठेव तुझा. चर बुजव."

आणि मी काय म्हणालो? "चराचा काय संबंध?"

हेच शब्द, वामन. परवा रावजीच्या तोंडून ऐकले तेव्हा माझे मलाच ओळखू आले.

बारा दिवस तो वाद चालला. बाराव्या दिवशी तुझ्या पायाखालची जमीन खचली. वरून साबूत दिसणारी माती, खाली नुसता निखारा आणि राख. तुझा उजवा पाय नडगीपर्यंत आत गेला. रावजीने आणि मी तुला ओढून काढलं, जीपमध्ये घालून पालघरला आणलं. वाटेत तू माझं मनगट धरलं होतंस. ओरडला नाहीस. "चर," एवढंच म्हणालास. पुढे तुझ्या त्या पायाची मी मगरीची गोष्ट केली आणि तू विचारलंस, "मगर गोड्या पाण्यातली की खाऱ्या?"

मग मी बुजवला चर. पाड्यातली सगळी माणसं, मी, हॉस्पिटलातून काठी टेकत आलेला तू. मी कंपनीतल्या केमिकलच्या रिकाम्या गोण्या आणल्या तर तू त्या परत पाठवल्यास: "आगीतून वाचला खळगा तर तुझ्या पावडरीने मारतोस काय?" म्हणून सिमेंटच्या गोण्या गावभर मागून आणल्या, माती भरून तीन ठिकाणी आडवे बांध घातले. जळत्या जागेभोवती ओल लागेपर्यंत खोल खणलं, गरम माती उलथून चिखलात कालवली. वरचा झरा उन्हाळ्यात करंगळीएवढा. त्या करंगळीने खळगा परत भरत यायची वाट बघायची होती. धूर पूर्ण थांबला तो पाऊस लागल्यावरच.

आणि चौकशी आली.

जंगल खात्याचा साहेब चांगला माणूस होता, शिस्तीचा. टेबल मांडलं, कागद काढले. मला विचारलं, "तुम्ही तिथे नेहमी जाता. आग कशी लागली, काही पाहिलंत?" तू माझ्या शेजारी उभा होतास, काठीवर भार देऊन. मला सांगायचं होतं. जंगल हद्दीला लागून परवानगीशिवाय चर मारलेला, गुन्हा दाखल झाला असता, कंपनीने घरी बसवलं असतं, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि मी घाबरलो. मी घाबरलो की गोष्ट सांगतो. लाल मोटारसायकल आली, दोन इसम आले, बिडी आली, बिडीचा दोरा कुठल्या रंगाचा तेसुद्धा आलं. साहेब लिहीत गेला. जन्मभर मी हजारो थापा मारल्या, शेंबड्या पोरानेही कधी खरी मानली नाही, आणि ही एक सरकारी कागदावर गेली, सही-शिक्क्यासकट.

मी स्वतःला सांगत आलो की तुला वाचवण्यासाठी बोललो. राबाचं नाव आलं असतं तर तुझ्यावर आलं असतं, असं. पण आलं ते तुझ्यावरच. बाहेरची माणसं आत शिरतात आणि गार्डचं लक्ष नाही, असा शेरा पडला, आणि डोंगरातला माणूस तू, तुला दातिवऱ्याला सुरूचं बन राखायला पाठवलं. वाळूत. निवृत्तीपर्यंत तू तिथे सुरूच्या सुया झाडल्यास, लंगडत. "कसं काय रे?" मी विचारायचो. "वारा चांगला हाय," तू म्हणायचास.

बिडीच्या गोष्टीला तू एकही प्रश्न विचारला नाहीस. ना त्या टेबलापाशी, ना नंतर. दर रविवारी तू त्याच खळग्यावर जायचास, आता कुणी न सांगता. सडलेल्या गोण्या काढायच्या, नव्या भरायच्या, पहार खुपसून हाताला लावायची. मी सोबत यायचो, गोण्यांची तोंडं शिवायचो आणि बडबडायचो. इतके रविवार गेले. तू एकदा जरी म्हणाला असतास, "बंड्या, ती मोटारसायकल कुठल्या कंपनीची?" तर मी तिथेच गुडघ्यावर बसलो असतो. मला राग येतो तुझा. तू विचारत का नव्हतास?

हे मी तेराव्याला निघताना कुसुमवहिनींना विचारलं. म्हणजे विचारायला गेलो आणि नेहमीसारखं भलतंच काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"भावोजी, मला सगळं माहीत हाय. त्यांनी तेव्हाच सांगितलेलं."

"मग मला का नाही कधी..."

"मी बोलले होते त्यांना, विचारा एकदा. तर म्हणाले, बंड्याला विचारायचं नाय. विचारलं की तो गोष्ट सांगतो."

मी चपला घातल्या आणि आलो. दोन्ही सापडल्या.

रविवारी पाड्यावर कमिटीची सभा होती. मी गेलो. शाळेच्या पडवीत पन्नासेक माणसं, मिरचीवाली पोरं पुढे, बायका भिंतीला टेकून. सचिव आता रावजीची सून आहे, मनीषा. कॉलेज शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. मला बघून पोरं खूष झाली. "बंडूकाका आले! काका, बिडीची सांगा, बिडीची!" वामन, तुला मेलेल्याला काय सांगू, मला तेव्हाही मोह झाला. पन्नास माणसं आ वासून बसलेली असताना खरं सांगायचं म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं आहे.

मी सांगितलं. नळी, चुन्याची रेघ, चर. वाळलेली माती, राबाची आग खाली कशी गेली, तुझा पाय. साहेबासमोर काय बोललो ते. मोटारसायकल नव्हती, माणसं नव्हती, बिडी नव्हती. पाच मिनिटांत संपलं. माझी एवढी छोटी गोष्ट कुणी ऐकली नव्हती, त्यामुळे सगळे पुढची वाट बघत बसले. एक म्हातारी म्हणाली, "मंग?"

"मग काही नाही."

पुढच्या रांगेतला एक पोरगा हसला. "काका, आज नवीन काढलीत वाटतं." आणखी दोघे हसले. मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा रावजी उठला. हळूहळू उठला, गुडघ्यावर हात ठेवून.

"चर मारला तवा कुदळ माजे हातात होती," तो म्हणाला. "कोंबडा मी कापलेला. वामनदादाचा पाय जलला तवा एका बाजूनी मी धरलेला. मी पन इतकी वर्सा गप ऱ्हायलो. हा लबाड हाय, मी पन हाय. हसायचा आसल तं दोगांना हसा."

कोणी हसलं नाही. पोरं आपसांत बोलायला लागली. मिरचीचं मग काय, पाणी कुठून, वरच्या बांधावर जमेल का. रावजी म्हणाला वरच्या बांधावर जमेल, तो जागा देईल. त्यातली दोन पोरं शेवटपर्यंत फुगून बसली होती. पण हात वर झाले. चर उघडायचा नाही, गोण्या पाड्यातून दर वर्षी बदलायच्या, असं ठरलं.

मनीषाने वही पुढे ओढली. लिहायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही बोललात ते मजेत, की लिहू?"

"लिही."

"नाव कागदावरचं सांगा. पूर्ण."

मी वडिलांच्या नावासकट सांगितलं. ती लिहीत होती आणि मी तिच्या हाताकडे बघत होतो. मग ती थांबली.

"आणि गार्डदादांचं काय लिहू?"

तुझ्याबद्दल म्हणून माझ्या तोंडाशी काय काय आलं म्हणून सांगू. तू एका हाताने वणवा धरलास, तू डोंगर उचललास, तुझ्या पहारीला वाघ घाबरायचे. सगळं आलं होतं, रांगेत उभं होतं. मी पाणी मागितलं, प्यायलो.

"लिही," म्हटलं, "ते चर बुजव म्हणाले होते. मी बुजवला नाही."